पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय कापसाचा भाव नाही, ज्वारीचा नाही, कर्जाचाही नाही. आजचा विषय पोलीस ठाणे. आल्याआल्या दोघातिघांनी विचारलेच की, संघटनेच्या बैठकीत ठाण्याचे काय काम? आपला ठाण्याशी संबंध येतो तो आंदोलनाच्या दिवशी. पुढारी येणार असला की पहाटे पाच वाजता जमादार दारात उभा, हातात प्रतिबंधक नोटीस. म्हणजे आपले घर कुठे आहे, गल्ली कोणती, हे ठाण्याला पक्के ठाऊक आहे. मग त्याच घरचा माणूस चोरीची तक्रार घेऊन ठाण्यात गेला, की त्याचा पत्ता कसा काय हरवतो, एवढेच आज विचारायचे आहे.

एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगत नाही, ठाणेही सांगत नाही, कारण त्या माणसाला अजून त्याच ठाण्यात जायचे आहे. जिरायत पट्ट्यातले शेतकरी. दोन एकर मालदांडी, विहिरीला जेमतेम तासा-दीड तासाचे पाणी. ज्वारी पोटरीत आली होती. रात्री कोणीतरी मोटरीची केबल कापून नेली, स्टार्टर उचकटला. सकाळी हे ठाण्यात गेले. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले. अर्ज लिहून द्या. बाहेर टपरीवर वीस रुपये देऊन अर्ज लिहून घेतला, दिला. आठ दिवसांनी गेले. तुमचा अर्ज चौकशीवर आहे. कोणत्या नंबरने? नंबर नाही. कोणाकडे? बिटाचे हवालदार सांगतील. हवालदारांची बदली झालेली. महिन्याने आमच्याकडे आले तेव्हा हातात अर्जाची झेरॉक्ससुद्धा नव्हती. तीन हेलपाटे, तीन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि कागद शून्य.

आता शेतात काय झाले ते बघा. पोटरीतल्या ज्वारीला पाणी चुकले तर कणीस पानाच्या आवरणातून धड बाहेर पडत नाही, पडले तर दाणा बारीक राहतो. नवी केबल घ्यायला उसनवारी करावी लागली, त्यात बारा दिवस गेले. धान्य गेले ते गेलेच, कडबाही खुरटला. आम्ही शेतकी कॉलेजात कीडरोगाने किती टक्के नुकसान होते ते मोजायला शिकलो. न नोंदलेल्या तक्रारीने किती क्विंटल जातात याचा धडा त्या पुस्तकात नव्हता. चोराने नेली ती काही हजारांची केबल. पण ठाण्याने एक ओळ नोंदली असती तर निदान चोरी झाली हे सरकारदरबारी खरे ठरले असते. आज त्या रात्री त्या शिवारात काहीच घडलेले नाही.

म्हणून पहिली गोष्ट. ठाण्यात आपण जो कागद देतो आणि ठाणे जो कागद करते, त्यांत फरक आहे. तो नीट समजून घ्या. बाजारात माल नेल्यावर काट्यावरचा माणूस सिगारेटच्या पाकिटावर आकडा लिहून देतो, तीही चिठ्ठीच. अडत्याची हिशोबपट्टी वेगळी. दोन्ही कागदच, पण भांडण झाले तर कोणता उभा राहतो हे तुम्हाला सांगायला नको. ठाण्यातही असेच आहे. अर्ज ही पाकिटावरची चिठ्ठी. तो घेतला म्हणजे गुन्हा नोंदला असे नाही. दुसरी ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती वहीत चढते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. "एनसी करून दिली ना, आता घरी जा" याचा अर्थ तपास होणार नाही, इतकाच. आणि तिसरी ती फिर्याद, पहिली खबर, ज्याला सगळे एफआयआर म्हणतात. तिला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. नंबर पडला की तपासी अंमलदार ठरतो, तपास करावा लागतो आणि शेवटी न्यायालयात अहवाल द्यावा लागतो. आपला अर्ज चिठ्ठीवर अडकवून ठेवायचा, नंबर पडू द्यायचा नाही, यातच सगळी मेख आहे.

कायदा काय म्हणतो? १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात निकाल दिला. एका बापाची तक्रार होती, अल्पवयीन मुलगी पळवून नेली आणि ठाणे लिहून घेत नाही. न्यायालयाने सांगितले की, दिलेल्या खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदलाच पाहिजे. खबर खरी की खोटी ते तपासात बघा, दारात नाही. प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली ती मोजक्या प्रकारांत: नवरा-बायकोचे वाद, व्यापारी व्यवहार, डॉक्टरी हलगर्जी, लाचखोरी, किंवा तक्रारीलाच महिनोन् महिने उशीर झालेला असेल तर. अशी चौकशी करून प्रकरण बंद केले, तर बंद केल्याच्या नोंदीची नक्कल थोडक्यात कारणासह आठवड्याच्या आत तक्रारदाराला द्यायची, हेही त्याच निकालात आहे. तुमच्यापैकी किती जणांना अशी नक्कल मिळाली? आम्ही तालुक्यात विचारत फिरलो. अशी नक्कल मिळते हेच कोणाला माहीत नव्हते.

१ जुलै २०२४ पासून जुने कायदे गेले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुने कलम १५४ होते ते आता १७३. त्यात आपल्या कामाच्या चार गोष्टी आहेत. खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाची हे बघून परत पाठवायचे नाही. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. नीरेच्या अलीकडे बारामती-इंदापूर, पलीकडे सातारा नि सोलापूर जिल्हा. भीमेच्या अलीकडे इंदापूर, पलीकडे करमाळा. बैल अलीकडून चोरायचा नि पलीकडे विकायचा, आणि मग दोन्ही ठाण्यांनी "आमची हद्द नाही" म्हणायचे, हा खेळ तुम्हाला ठाऊक आहे. दुसरे, खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने, म्हणजे फोन-संगणकावरूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. तिसरे, फिर्यादीची नक्कल फुकट द्यायची. झेरॉक्सचे पैसे मागायचे नाहीत. चौथे, तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची, हे कलम १९३ मध्ये आहे.

पण याच नव्या कायद्यात आपल्याला टोचणारेही दोन काटे आहेत, आणि ते ओवीसारखे गोड करून आम्ही सांगणार नाही.

एक काटा असा. तीन वर्षे किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी नेमकी यातच बसते. घटनापीठाने बंद केलेले दार इथे किलकिले झाले. पण परवानगी उपअधीक्षकाची हवी आणि मुदत चौदा दिवसांचीच. "चौकशीवर आहे" असे कोणी म्हणाले तर शांतपणे विचारा, परवानगी कोणत्या तारखेची? चौदा दिवस कधी संपतात? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर ती कायद्यातली चौकशी नव्हे, ते नुसते लोंबकळत ठेवणे.

दुसरा काटा जास्त खोल आहे. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर ती चोरी आता अदखलपात्र. म्हणजे एनसी, म्हणजे तपास नाही. शहरात बसून पाच हजार ही रक्कम ज्यांना किरकोळ वाटली त्यांनी जिरायत शेतकऱ्याचे घर पाहिलेले नाही. केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, एखादे करडू. आपल्याकडे जे चोरीला जाते त्यातले बरेचसे याच रेघेच्या आसपास असते. आणि रेघेच्या कोणत्या बाजूला पडायचे हे किंमत कोण लावतो त्यावर ठरते. "जुनी वापरती केबल, अंदाजे किंमत साडेचार हजार" असे लिहिले की संपले. म्हणून मोटर, केबल, स्टार्टर, पाइप यांची बिले जपून ठेवा. देव्हाऱ्यात ठेवा हवे तर. बिल नसेल तर दुकानदाराकडून आजच्या दराचे कोटेशन घ्या आणि फिर्यादीला जोडा. एका रात्रीत एकाच ओढ्याकाठच्या पाच विहिरींवरून केबल गेली असेल, तर पाच जणांनी पाच दिवशी जाऊ नका. एकदम जा आणि एकाच टोळीचे एकाच रात्रीचे काम आहे असे सांगा. मात्र किंमत फुगवू नका. तीन हजारांच्या वस्तूचे तेरा हजार लावले तर उद्या खऱ्या तेराचेही कोणी मानणार नाही.

या काट्यावर एक उतारा आमच्या मते आहे, वकिलांना दाखवून वापरा. न्याय संहितेचे कलम ३२६ खंड अ. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे नुकसान कोणी जाणूनबुजून केले तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम ४३० होते. विहिरीवरची केबल कापली म्हणजे नुसते तांबे नेले नाही, उभ्या पिकाचे पाणी तोडले. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र धरायचे, हेही कायद्यात आहे. तेव्हा फिर्याद देताना नुसते "केबल चोरीला गेली" म्हणू नका. पीक कोणते, किती एकर, कोणत्या अवस्थेत, पाणी किती दिवस बंद राहिले, हे सांगा आणि लिहून घ्यायला लावा. ठाणे अंमलदाराला शेती कळावी अशी अपेक्षा नाही, पण तुम्हाला कळते ना?

आता पोलीस नोंद का टाळतात? सगळे पोलीस वाईट असतात म्हणून, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. आपल्याच गावची, शेतकऱ्यांचीच पोरे खाकीत आहेत. पालखी बारामतीवरून सणसर, इंदापूर करत सराटीकडे जाते तेव्हा तहानभूक विसरून उभी असतात. पालखी झाली की निवडणूक, निवडणूक झाली की मंत्र्यांचा दौरा. बंदोबस्त आणि तपास ही दोन्ही कामे त्याच माणसांच्या बोकांडी. हे दोन विभाग वेगळे करा असे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सांगितले. तो खटला १९९६ सालचा, त्याच्यामागे १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या शिफारशी. म्हणजे दुखणे निदान अर्धशतक जुने. पण मूळ कारण दुसरेच आहे. ठाण्याची परीक्षा होते ती गुन्हे किती नोंदले यावर. आकडा वाढला की वरचा साहेब विचारतो, तुमच्या हद्दीत गुन्हेगारी का वाढली? मग आकडा वाढू न देण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? लिहूनच घ्यायचे नाही. पाऊस कमी पडला तर पर्जन्यमापकच झाकून ठेवावा, तसा हा प्रकार.

शेती खात्यात बियाण्याची तक्रार कशी चालते ते तुलनेला घ्या. कापसाचे बी उगवले नाही तर आपण लेखी तक्रार देतो, तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते, पंचनामा होतो, त्यावर शेतकऱ्याची सही असते. पिशवी, टॅग, बिल नि मूठभर बी राखून ठेवा असे आम्ही तुम्हाला दरवर्षी सांगतो. ती समिती काही फार कार्यक्षम असते असे नाही, तिच्याशीही आपली भांडणे चालूच आहेत. पण निदान समिती आली, न आली हे कागदावर दिसते. पंचनाम्यात चूक लिहिली तर त्या चुकीशी भांडता येते. जे लिहिलेच नाही त्याच्याशी कसे भांडणार?

हे कागदाचे महत्त्व आपल्या भागाला नवे नाही. १२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. आपले हे सुपे, आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. त्यांना काय हवे होते? धान्य नाही, दागिने नाहीत. कर्जरोखे, खतपत्रे, वह्या हव्या होत्या, जाळायला. चौदा मैलांवर केडगावात दिवस पालटायच्या आत तेच झाले. इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि नगर जिल्ह्यापर्यंत लोण गेले. माणसांना मारहाण फारशी झाली नाही, पण ९५१ लोकांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा. सरकारने आयोग नेमला. आयोगाला दिसले ते असे: शेतकरी अंगठा देतो, कागदात काय लिहिले ते त्याला कळत नाही, पैसे फेडले तरी पावती नाही, आणि न्यायालयात एकतर्फी हुकूमनामे होतात. तक्रार सांगायला जागाच नाही. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात तरतूद आली की, शेतकऱ्याने पैसे फेडले तर सावकाराने लेखी पावती दिली पाहिजे, मागितल्यास हिशोबाचा उतारा दिला पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांनी तुरुंग भोगून मिळवलेली गोष्ट कोणती? पावती.

दंगलीची गोष्ट आम्ही दंगल करा म्हणून सांगत नाही. ९५१ घरांतले कर्ते पुरुष ऐन पेरणीच्या तोंडावर धरले गेले, त्यांच्या बायकामुलांनी काय काढले असेल याचा हिशोब कोणत्याही अहवालात नाही. सावकारी मात्र आजही आहे. तिच्यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे द्यायची, आणि व्याजात लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. ती तक्रार ठाण्यात दिली की ठाणे निबंधकाकडे पाठवते आणि निबंधक ठाण्याकडे. दोन्हीकडे द्या, दोन्हीकडून पोच घ्या. दमदाटी, मारहाण असेल तर ती फिर्याद ठाण्याचीच, ती त्यांना ढकलता येत नाही.

व्यापाऱ्याने खेडा खरेदीत कापूस नेला आणि चेक परत आला, तर "हा दिवाणी व्यवहार आहे" हे ठाण्याचे उत्तर ठरलेले. सगळ्या वेळी ते चूक असते असेही नाही. पहिल्यापासून बुडवायचाच इरादा होता हे दाखवता आले तर फसवणूक, नाहीतर वसुली. पण चेकसाठी ठाण्याची वाट बघू नका. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात थेट न्यायालयात. ठाण्याच्या हेलपाट्यांत हे तीस दिवस निघून जातात आणि व्यापारी हेच मोजत बसलेला असतो.

बांधाची भांडणे घ्या. दोन्ही बाजू ठाण्यात जातात, दोन्ही बाजूंची एनसी होते, मग दोघांवरही चॅप्टर केस, तहसीलदारापुढे तारखा. ज्याने नांगर घातला तो आणि ज्याचा बांध गेला तो, दोघेही एका मापात. इथे गावाचा पोलीस पाटील उपयोगी पडू शकतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली तो नेमलेला असतो, नुसता सप्ताहात फेटा बांधून बसायला नव्हे. गावातून कोण कधी कोणती तक्रार घेऊन ठाण्यात गेला याची वही पोलीस पाटलांनी ठेवावी, असे आम्ही गावोगाव सांगत आहोत. काही पाटील तयार झाले आहेत. काही म्हणतात, साहेबांना आवडणार नाही. साहेबांना आवडण्याचा प्रश्न कुठे आला?

आता एक कडू गोष्ट, आणि ती आपल्याच घरातली आहे. आपल्या दोन तालुक्यांत ठाण्याचे काम कसे होते? फोनने. तक्रार झाली की माणूस आधी ठाण्यात जात नाही, पुढाऱ्याकडे जातो. पुढारी फोन लावतो, साहेब "हो दादा, बघतो" म्हणतात, आणि मग नोंद होते. लोक खूश. पण ज्या फोनने फिर्याद चालते त्याच फोनने ती थांबते, हे लक्षात येते का? समोरच्याचा पुढारी तुमच्या पुढाऱ्यापेक्षा मोठा निघाला की तुमची फिर्याद चिठ्ठी होऊन पडते. आणि ज्याचा कोणीच पुढारी नाही त्याने काय करायचे? पारधी वस्तीवरचा माणूस, ऊसतोडीला आलेली बाई, एकटी विधवा, यांचे फोन कोण लावणार? कार्यकर्ते आमच्याकडे येतात, म्हणतात, तुमचे साहेबांशी बरे आहे, एक फोन टाका. संघटनेने फोन टाकणारी आणखी एक पेढी उघडायची नाही, हा आमचा निर्णय आहे. आम्ही तुमच्याबरोबर ठाण्यात येऊ, बाकावर बसू, दोन तास बसू, पण कागद तुमच्या सहीने जाईल आणि पोच तुमच्या नावाने येईल.

ठाण्यात जाताना मग करायचे ते असे. घरूनच लिहून न्या, दोन प्रती. काय, कुठे, केव्हा, कधी लक्षात आले, कोणी पाहिले, माल काय, किंमत काय. संशय असेल तर संशय म्हणा, खात्री म्हणू नका. भांडण एका भावाशी आणि फिर्यादीत चारही भाऊ, त्यांच्या बायका नि म्हातारी आई, ही गावची खोड सोडा. त्यानेच खऱ्या आरोपीला वकील सोडवतो. बाईची फिर्याद बाईच्याच तोंडून जाऊ द्या, नवऱ्याने तिच्या वतीने बोलायचे नाही. अत्याचाराच्या गुन्ह्यांत तिची खबर महिला अंमलदाराने लिहून घ्यायची असते, आणि अशा ठराविक गंभीर गुन्ह्यांत खबर लिहून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, न्याय संहितेचे कलम १९९. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याची सही. लिहून घेतलेले वाचून दाखवायला सांगा, मग सही करा.

नाहीच घेतले तर ठाण्यात आवाज चढवू नका, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा मात्र दोन मिनिटांत नोंदला जातो. तोच मजकूर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण यांना पाठवा. कायद्याने हीच पुढची पायरी आहे. पोस्टाची पावती जपा. त्यानंतर बारामती किंवा इंदापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३) खाली शपथपत्रासह अर्ज. अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा नसेल तर न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारते, म्हणून पायरी गाळू नका.

हे झाले पोलिसांकडे करायच्या तक्रारीचे. पोलिसांविरुद्धची तक्रार कोणाकडे करायची? शेतकऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या आंदोलनात गोळीबार झाला. आपल्याच जिल्ह्यात मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या पाइपलाइनच्या आंदोलनात तीन शेतकरी मारले गेले. एरवी अशा प्रकरणांत चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी करायची तो, दोघेही एकाच मेसमध्ये जेवतात. म्हणून २००६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, राज्याला आणि प्रत्येक जिल्ह्याला निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याच्या जागी विभाग घातला. पुणे महसूल विभागात पाच जिल्हे. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, लाच, खंडणी, जमीन बळकावणे, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग, एवढ्या तक्रारी तिथे देता येतात. आमची मागणी साधी आहे. प्राधिकरणाने तालुक्याच्या ठिकाणी येऊन सुनावणी घ्यावी आणि त्याचा पत्ता प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत रंगवावा. उत्तर आयर्लंडमध्ये लोक आणि पोलीस यांच्यात तीस वर्षे रक्त सांडले, तिथेही २००० साली पोलिसांपासून पूर्ण स्वतंत्र असे तक्रार कार्यालय उघडावे लागले, ज्याचे तपासनीस वेगळे आणि कचेरी वेगळी. आमच्याकडे निदान पाटी तरी रंगवा.

आणखी एक. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून त्यांचे चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितले. ठाण्यात मारहाण झाली, अर्ज फेकून दिला, तर लगेच, त्याच आठवड्यात, चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. सहा महिन्यांनी मागितले की "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तयार असते.

अधीक्षक कार्यालयाकडे आपण देणार आहोत त्या निवेदनातले मुख्य मागणे हे. प्रत्येक ठाण्याने दर महिन्याला फळ्यावर चार आकडे लिहावेत: अर्ज किती आले, फिर्यादी किती झाल्या, एनसी किती, आणि परत पाठवलेल्यांपैकी किती जणांना लेखी कारण दिले. गुन्हे वाढले म्हणून कोणत्याही ठाणेदाराला बोल लावू नये. बोल लावायचा तो चौथ्या आकड्यावरून लावावा. हे मान्य व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत तेच आकडे आपण माहिती अधिकारात मागू, आणि तिसरा हिशोब आपल्या वहीत ठेवू.

वह्या मागे टेबलावर ठेवल्या आहेत. बारामतीच्या जिरायत गावांची एक, इंदापूरच्या गावांची एक. गेल्या वर्षभरात ठाण्यात गेलेल्या प्रत्येकाने जेवणाच्या सुट्टीत तारीख, तक्रार, कागद कोणता मिळाला किंवा नाही मिळाला, एवढे लिहून जायचे आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दोन पोरे बसवली आहेत. पोच असेल तर तिची झेरॉक्स पुढच्या बैठकीला आणा. नसेल तर परवा सोमवारी सकाळी दहाला एसटी स्टँडवर भेटा, तिथून आपण सगळे मिळून ठाण्यात जाऊ.